ऑक्सिजन, सक्शन आणि नळीचं फीड : आजारी मूल घरी आणताना कामांचा क्रम

डिस्चार्जची तारीख कळली की बहुतेक घरांत आधी मूल घरी येतं, ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) दुसऱ्या दिवशी येतं आणि इन्व्हर्टरचा विषय पहिल्यांदा लाइट गेल्यावर निघतो. क्रम नेमका उलटा हवा. आधी वीज, मग सिलेंडर, मग मशीन, मग घरातल्या दोन माणसांचे सरावलेले हात आणि सगळ्यात शेवटी मूल.

आमची मुलगी दीड वर्ष घरी ऑक्सिजनवर होती. त्यातले पहिले आठ महिने नाकातल्या नळीनं दूध आणि दिवसातून सात-आठ वेळा सक्शन, म्हणजे मशीननं कफ ओढून काढणं. खालच्यापैकी निम्म्या चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत. मी डॉक्टर नाही. फ्लो किती, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) किती, सक्शनचा दाब किती, हे आकडे तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. ते घरात पाळायचे कसे, एवढंच मी सांगते. घरी व्हेंटिलेटर किंवा बायपॅप असेल तर त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं, ते यात नाही.

टप्पा १ : वॉर्डात असतानाच

डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, मशीनचे आकडे बहुधा नसतात. म्हणून एक कोरा कागद घेऊन राउंडच्या वेळी डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या:

१. ऑक्सिजनचा फ्लो, मिनिटाला किती लिटर. झोपेत, जागेपणी आणि फीडच्या वेळी वेगळा असेल तर तोही.
२. सॅच्युरेशन कितीच्या वर राहायला हवं, आणि कितीच्या खाली गेलं तर फोन करायचा.
३. तातडीच्या वेळी फ्लो किती वाढवायची मुभा आहे.
४. सक्शनचा दाब, कॅथेटरचा (कफ ओढायच्या बारीक नळीचा) नंबर आणि ते किती सेंटिमीटर आत घालायचं.
५. फीडच्या नळीचा नंबर, नाकपुडीपाशी तिच्यावर दिसणारा सेंटिमीटरचा आकडा, ती बदलायची तारीख.
६. रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा.

दुसऱ्या मुद्द्यावर अडून बसा. काही हृदयविकारांत मुलाचं नेहमीचं सॅच्युरेशनच ७५ ते ८५ च्या घरात असतं आणि डॉक्टरांना ते मान्य असतं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाला ९४ लागतं म्हणून तुमच्या बाळालाही तेवढंच लागतं असं नाही. नातेवाईक घरचा ऑक्सिमीटर घेऊन येतात, आकडा बघून घाबरतात आणि फ्लो वाढवतात. तिथं हा कागदच कामाला येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची मागणी: घरी जे मशीन वापरणार आहात तेच वॉर्डात आणून मूल त्यावर एक दिवस-रात्र ठेवा. भिंतीतला ऑक्सिजन आणि भाड्याचं मशीन यांत फरक असतो, आणि तो कळायचा तर सिस्टर हाकेवर असतानाच कळू दे. आमच्या मशीनच्या फ्लोमीटरवर अर्ध्या लिटरच्या खाली खूणच नव्हती. मुलीला पाव लिटर लागत होता. हे वॉर्डात लक्षात आलं म्हणून बरं. लहान बाळांसाठी कमी फ्लोचा वेगळा फ्लोमीटर मिळतो. तो मशीनलाही हवा आणि सिलेंडरलाही.

त्या दिवशी दोघांनी, म्हणजे आईनं आणि आणखी एका धडधाकट माणसानं, सगळं स्वतः करायचं: सक्शन, फीड, सिलेंडर लावणं. सिस्टरनं नुसतं बघायचं. तोंडानं श्वास कसा द्यायचा, अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दिली असेल तर ती कशी दाबायची, हेही इथंच शिकून घ्या. “मी बघितलंय, मला येतं,” म्हणणाऱ्या काकांच्या हातात रात्री सिलेंडरचा पाना देऊ नका.

टप्पा २ : वीज

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॅट खातो. ३५० धरले तर चोवीस तासांत ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे. बिल वाढणार हे घरात आधीच बोलून ठेवा. बिल वाचवायला दुपारी तासभर मशीन बंद ठेवणारी घरं मी बघितली आहेत.

१. मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर वॅट किती लिहिलेत ते बघा.
२. भिंतीतला वेगळा सॉकेट द्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर, टीव्ही आणि कॉन्सन्ट्रेटर एकत्र चालवू नका. प्लग गरम लागला तर सॉकेट त्याच दिवशी बदला.
३. गावात व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लागेल.
४. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या. कॉन्सन्ट्रेटरमध्ये कॉम्प्रेसर असतो. साध्या इन्व्हर्टरवर तो गुरगुरतो, तापतो, कधी सुरूच होत नाही.

बॅटरीचा हिशोब दुकानदारावर सोडू नका. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नसते हे धरलं तर हाताशी येतात साडेबाराशेच्या आसपास. ३५० वॅटचं मशीन त्यावर चालेल साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असताना आणि पंखा, फ्रिज दुसरीकडे असताना.

महावितरणच्या तुमच्या शाखा कार्यालयात डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज द्या: घरी ऑक्सिजनवरचं मूल आहे, देखभालीसाठी वीज बंद ठेवणार असाल तर आगाऊ कळवावं. पोच घ्या. वीजजोडणीवर मोबाइल नंबर नोंदवा, म्हणजे बंदचे मेसेज येतील. तक्रारीसाठी १९१२. पण भरवसा याच्यावर ठेवायचा नाही. भरवसा सिलेंडरवर.

> तपासणी: मूल घरी यायच्या आधी मेन स्विच खाली पाडा आणि मशीन इन्व्हर्टरवर तासभर चालवून बघा.

टप्पा ३ : सिलेंडर

ज्या घरात कॉन्सन्ट्रेटर आहे त्या घरात भरलेला सिलेंडर हवाच. मेडिकलमध्ये मिळणारी ऑक्सिजनची फवारणीची बाटली म्हणजे सिलेंडर नव्हे. तिच्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो.

वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलेंडर अंगानं काळा आणि मानेला पांढरा असतो. मानेसकट पूर्ण काळा असेल तर तो वेल्डिंगवाल्यांचा, घरात घेऊ नका.

किती वेळ पुरेल, याचं गणित सोपं आहे. सिलेंडरमध्ये पाणी मावेल तितके लिटर, गुणिले घड्याळावरचा दाब. घरगुती वापरातला बी टाइप सिलेंडर १० लिटरचा असतो आणि भरलेला असताना दाब १५० बारच्या आसपास. म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १ लिटर फ्लोवर २५ तास, २ लिटरवर साडेबारा. काटा ७५ वर आला की निम्मं उरलं. घड्याळ पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४.५ नं भागा. आलेल्या तासांतला पाचवा भाग राखीव म्हणून वजा करा आणि उरलेले तास मोठ्या अक्षरात लिहून सिलेंडरवर चिकटवा. रात्री अंधारात कोणाला गुणाकार करावा लागू नये.

सिलेंडर सुरू करण्याचा क्रम:

१. हात धुवून कोरडे करा. हाताला तेल, व्हॅसलिन, क्रीम असेल तर सिलेंडरला हात लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं.
२. रेग्युलेटरचा वॉशर जागेवर आहे ना, बघा. रेग्युलेटर सरळ बसवा, पान्यानं आवळा.
३. फ्लोची चकती शून्यावर आणा.
४. घड्याळासमोर तोंड न ठेवता बाजूला उभे राहा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.
५. काटा वर चढला, फुस्स आवाज नाही, मग फ्लो द्या.
६. मग नळी मुलाला लावा.

इथं दोन चुका नेहमी होतात. पहिली, फ्लो उघडा ठेवूनच व्हॉल्व्ह उघडणं. दुसरी, काम झाल्यावर नुसता फ्लो बंद करणं. व्हॉल्व्ह उघडाच राहतो, रात्रभर बारीक गळती होते आणि आठवड्यानं गरज पडते तेव्हा काटा तळाला. पाना आणि जादा वॉशर सिलेंडरच्या गळ्यालाच दोरीनं बांधून ठेवा. पाना शोधण्यात गेलेली आमची चार मिनिटं मला अजून आठवतात.

सिलेंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला हवा. स्वयंपाकघरात नको, उन्हात नको, जिन्याखालच्या बंद कपाटात तर मुळीच नको.

टप्पा ४ : कॉन्सन्ट्रेटर मांडणं आणि विस्तवापासून दूर ठेवणं

हे मशीन ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतली हवा आत ओढतं, त्यातला नायट्रोजन दाण्यांच्या चाळणीत अडवतं आणि उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडतं. म्हणून त्याला मोकळी हवा लागते. भिंतीपासून निदान एक फूट दूर, पडद्याला न लागता, जमीन सपाट. वर चादर टाकू नका, आवाज कितीही झाला तरी. आवाजाचा त्रास होत असेल तर मशीन शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळी आणा, पण किती लांब चालेल ते माहितीपुस्तिकेत बघून.

१. ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली दिली असेल तर दोन खुणांच्या मध्ये पाणी भरा. उकळून गार केलेलं पाणी किंवा मेडिकलमधलं डिस्टिल्ड वॉटर चालेल. बॅटरीच्या दुकानातलं “डिस्टिल्ड” नको.
२. बाटलीचं झाकण सरळ आट्यांवर बसवा.
३. मशीन सुरू करा, फ्लो लावा. फ्लोमीटरमध्ये तरंगणाऱ्या गोळीचा मधोमध भाग आकड्याच्या रेषेवर हवा, आणि बघायचं ते वाकून, डोळ्याच्या रेषेत. उभ्यानं वरून बघितलं की आकडा चुकतो.
४. पाच ते दहा मिनिटं थांबा. सुरुवातीच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पूर्ण नसतं. तोवर मूल सिलेंडरवरच राहू दे.
५. मग नळी मुलाला. नाकातली टोकं वळणदार असतील तर वळण खाली. नळी कानांवरून घेऊन मागच्या बाजूनं कपड्याच्या आतून काढा. पुढून गळ्यापाशी लोंबणारी नळी रांगत्या मुलाच्या गळ्याला वेढा घालते.

> तपासणी: नळीचं टोक मुलाला लावण्याआधी बोटांनी घट्ट दुमडा. बाटली शिट्टी वाजवेल किंवा गोळी खाली येईल. दोन्हीतलं काहीच झालं नाही तर मध्ये गळती आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ती तिरक्या बसलेल्या झाकणाची. ऑक्सिजन येतोय का ते बघायला टोक पेलाभर स्वच्छ पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की पुसून लावा.

फ्लोमीटरवर गोळी बरोबर आहे म्हणजे ऑक्सिजन बरोबर आहे, असं नाही. किती हवा येतेय ते गोळी सांगते. त्या हवेत ऑक्सिजन किती, ते सांगत नाही. चांगल्या मशीनमधून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो. चाळणी जुनी झाली किंवा दमट जागेत खराब झाली की गोळी तिथंच राहते आणि ऑक्सिजन घसरतो. भाड्याचं मशीन घेताना पुरवठादाराला अ‍ॅनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं यंत्र) लावून आकडा दाखवायला सांगा, किती तास चाललंय त्याचा मीटर बघा, आणि मोजणी काही महिन्यांनी पुन्हा करून देण्याचं पावतीवर लिहून घ्या.

आता विस्तव. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण मुलाच्या कपड्यांत, उशीत, केसांत तो साठून राहतो, आणि तिथं ठिणगी पडली तर सेकंदात भडका होतो. गॅस, सिगारेट कोणालाही कळतं. आपल्या घरांत विसरलं जातं ते वेगळंच:

- देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती. देवघर आणि मूल एकाच खोलीत नको. निदान दहा फुटांचं अंतर हवंच.
- औक्षण. वाढदिवसाला आजी निरांजन घेऊन बाळाच्या तोंडासमोर येते. ऑक्सिजनवरच्या मुलाला ओवाळायचं तर अक्षता आणि सुपारीनं, ज्योत नको.
- बाळाला धुरी देणं, दृष्ट काढून मोहरी-मिरच्या निखाऱ्यावर टाकणं. यात विस्तवही आहे आणि आजारी फुफ्फुसाला धूरही.
- नाकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. नाक कोरडं पडलं तर डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारं जेल लावा.

घरच्या वडीलधाऱ्यांना हे मूल घरी यायच्या आधी सांगा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगू द्या. सुनेनं सांगितलं की वाद होतो.

टप्पा ५ : सॅच्युरेशनचा आकडा वाचणं

मोठ्यांचा चिमट्याचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर खोटा आकडा दाखवतो. तान्ह्याला पायाच्या अंगठ्याला किंवा तळपायाला गुंडाळायचा पट्टीचा प्रोब लागतो.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पडद्यावरची नाडीची लाट बघा. लाट एकसारखी असेल आणि नाडीचा आकडा तुम्ही छातीवर हात ठेवून मोजलेल्या ठोक्यांशी जुळत असेल तरच सॅच्युरेशन खरं. हात-पाय गार, मूल हलतंय, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश, प्रोबवर ऊन, यांपैकी काहीही असलं की आकडा घसरतो. दर चार तासांनी प्रोबची जागा बदला. एकाच जागी घट्ट राहिला तर कातडी लाल होते, कधी भाजल्यासारखी.

टप्पा ६ : सक्शन

सगळ्यात जास्त इजा इथं होते, आणि तीही मायेपोटी: “अजून थोडा कफ आहे, काढून टाकू.”

दाबापासून सुरू करू. तान्ह्या बाळासाठी साधारण ८० ते १००, मोठ्या मुलासाठी १२० पर्यंत मिलिमीटर मर्क्युरी दाब सांगतात. घरगुती सक्शन मशीन मात्र ६०० पर्यंत ओढू शकतं, आणि बऱ्याच मशीनच्या घड्याळावर आकडे मेगापास्कलमध्ये असतात. १०० मिलिमीटर म्हणजे फक्त ०.०१३ मेगापास्कल. घड्याळावर ०.०८ दिसलं आणि “८० आहे” असं समजलात तर तो दाब ६०० झाला. तेवढ्या दाबानं नाका-घशाचं आतलं अस्तर सोलून निघतं. मशीन घेतानाच कमी दाब नीट लावता येतो का ते बघा, आणि घड्याळावर योग्य जागी लाल पेननं खूण करा.

वेळ फीडच्या आधीची. पोट भरल्यावर सक्शन केलं की उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाऊ शकते.

१. हात साबणानं धुवा. मशीन सुरू करा, नळीचं टोक अंगठ्यानं बंद करा, काटा लाल खुणेवर आणा.
२. मूल एका कुशीवर किंवा डोकं थोडं उंच. तातडीचा फ्लो लिहून दिला असेल तर आधी अर्धा-एक मिनिट तेवढा.
३. कॅथेटर ठरलेल्या सेंटिमीटरपर्यंतच आत घाला. घालताना अंगठा कॅथेटरच्या बाजूच्या छिद्रावर नको, म्हणजे ओढ बंद.
४. मग अंगठा छिद्रावर, आणि कॅथेटर हलकेच फिरवत बाहेर. आत घातल्यापासून बाहेर येईपर्यंत बाळाला पाच सेकंद, मोठ्या मुलाला दहा. स्वतःचा श्वास रोखून करा. तुम्हाला कासावीस झालं तर त्याला केव्हाच झालंय.
५. सॅच्युरेशनचा आकडा पूर्वपदावर येईपर्यंत थांबा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वेळा नाही.
६. थोडं स्वच्छ पाणी ओढून नळी धुवा.

तोंडात कॅथेटर गालाच्या बाजूनं घाला, घशाच्या मधोमध नाही. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) असेल तर आधी गळ्याची नळी आणि मगच तोंड-नाक. तोंडात गेलेलं कॅथेटर गळ्यात कधीच नाही. तिथल्या कॅथेटरचा नंबर नळीच्या आतल्या मापाच्या दुप्पट धरतात: ४ मिलिमीटरची नळी, ८ नंबरचं कॅथेटर. अशा मुलाच्या उशाशी एक पेटी कायम हवी: त्याच मापाची एक नळी, अर्ध्या मापानं लहान एक, बांधायच्या पट्ट्या, कात्री, जेल, अँबू बॅग. मूल दुसऱ्या खोलीत गेलं की पेटीही जाते. नळी बदलणं वॉर्डात हातानंच शिका, लेख वाचून नको.

> सावध: मशीन सुरू आहे पण ओढत नाही, तर कफ साठतो त्या बरणीचं झाकण आणि फिल्टर बघा. फिल्टर ओला झाला की हवा अडते. बरणी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, म्हणजे ही वेळ येत नाही.

लाइट गेल्यावर सक्शनचं काय, याचा विचार फार थोडे लोक करतात. बॅटरीवर चालणारं किंवा पायानं दाबायचं सक्शन मिळतं. दोन्हीपैकी एक हवं.

कफात रक्ताचा धागा एकदा दिसला तर दाब आणि खोली तपासा. पुन्हा दिसला, किंवा कफ हिरवा-पिवळा, दाट, वासाचा झाला तर डॉक्टरांना फोन.

टप्पा ७ : नळीनं फीड

रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी फीडची नळी, पोटात आहे की सरकून श्वासनलिकेकडे गेली आहे, हे प्रत्येक फीडच्या आधी बघायचं. सकाळी बघितलं होतं, हे उत्तर नाही. मधल्या खोकल्यात, उलटीत, बाळाच्या एका हिसक्यात नळी सरकते.

१. नाकपुडीपाशीचा सेंटिमीटरचा आकडा कागदाशी जुळतो का? चिकटपट्टी सुटली आहे का? नळी तोंडात गुंडाळी होऊन पडली आहे का?
२. सिरिंजनं हलकेच ओढून थोडा द्रव काढा, आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर टाका. ५.५ किंवा कमी आला तर पोटातला.
३. मुलाचं डोकं-छाती ३० ते ४५ अंश वर.
४. सिरिंजचा दांडा काढून टाका. नुसती नळकांडी जोडा, दूध ओता, हात वीतभर वर धरा. दूध आपोआप उतरू द्या, पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू द्या.
५. शेवटी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी, आणि टोपण.
६. पुढचा अर्धा तास मूल तसंच वर.

बऱ्याच घरांत अजून सिरिंजनं हवा मारून पोटावर आवाज ऐकतात. तसाच आवाज नळी भलत्या जागी असतानाही येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. पीएच पट्टी तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा नसते, आधीच मागवून ठेवा. आम्लता कमी करायचं औषध चालू असेल तर आकडा वर येतो. अशा मुलासाठी काय करायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. द्रवच येत नसेल तर मुलाला डाव्या कुशीवर करून थोड्या वेळानं पुन्हा बघा. शंका राहिली तर फीड नाही.

दूध उतरत नाही म्हणून दांड्यानं ढकलणं ही मोठी चूक. दुसरी चूक मायेची: नाचणीची दाट पेज, न गाळलेलं वरणाचं पाणी. नळीत ते बसतं ते बसतंच. गोळ्या अगदी पीठ करून, प्रत्येक औषध वेगळं, मध्ये पाणी. नळी अडली तर कोमट पाण्यानं हलकेच पुढे-मागे करा. तार घालू नका.

> सावध: फीड चालू असताना ठसका, निळेपणा, घरघर, किंवा सॅच्युरेशन घसरलं तर नळी तिथंच चिमटा, सिरिंज काढा, मूल कुशीवर करा. नळी काढायला शिकवलं असेल तर काढून टाका. मग फोन.

टप्पा ८ : अलार्म वाजला

सगळे मशीनकडे धावतात. आधी मुलाकडे बघायचं.

१. मूल बघा. ओठ निळे, छाती आत ओढली जातेय, कण्हतंय, ढिलं पडलंय? यांतलं एकही असेल तर बिघाड शोधायचा नाही. एकानं सिलेंडर लावायचा, दुसऱ्यानं १०८ ला फोन. घरघर ऐकू येत असेल तर सक्शन. श्वास थांबलाय असं वाटलं तर वॉर्डात शिकवलेला श्वास देणं सुरू करा.
२. मूल ठीक दिसतंय, गुलाबी आहे, नेहमीसारखं हातपाय मारतंय? मग प्रोब आणि लाट.
३. प्रोब बरोबर असूनही आकडा खालीच? नाकापासून प्लगपर्यंत हात फिरवत जा. नाकातली टोकं निघाली आहेत का, शेंबडानं बुजली आहेत का, नळी खाटेच्या पायाखाली आली आहे का, नळीत पाणी साठलंय का, जोड सुटलाय का, बाटलीचं झाकण, गोळी, प्लग.
४. मिनिटभरात सापडलं नाही तर सिलेंडर लावा आणि मग निवांत शोधा.

तिसऱ्या क्रमांकात नळीतलं पाणी आम्हाला सगळ्यात जास्त वेळा सापडलं, विशेषतः पावसाळ्यात. कमी फ्लोच्या बाळाला पाण्याचा एक थेंबही ऑक्सिजन अडवतो.

आठवड्यातून एकदा मशीनचं बटण न सांगता बंद करा आणि मोबाइलवर वेळ लावा. मशीनपासून सिलेंडरवर मूल किती वेळात जातं? पहिल्यांदा आम्हाला सहा मिनिटं लागली. महिन्याभरानं सव्वा मिनिट.

टप्पा ९ : साफसफाई आणि वही

यात डोकं लावायचं काही नाही, फक्त वार ठरवा. बाटलीतलं पाणी रोज फेका, नवं भरा. संपलेल्यात भर घालत राहू नका. सक्शनची बरणी रोज साबणानं. मशीनचा बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा, म्हणून फिल्टर दोन घ्या. नाकातली नळी कडक झाली की बदला, दोन-तीन आठवड्यांपलीकडे ओढू नका. सिलेंडरचा काटा रोज सकाळी बघा.

एक शंभर पानी वही मशीनला बांधून ठेवा. वेळ, फ्लो, सॅच्युरेशन, फीड किती, कफाचा रंग, शेरा. रात्रपाळी बदलताना झोपेतल्या माणसाला उठवून विचारावं लागत नाही, आणि डॉक्टर फ्लो कमी करायचा विचार करतात तेव्हा दुसरं काही बघण्याआधी ही वहीच मागतात.

टप्पा १० : घरी येण्याचा प्रवास आणि दाराजवळची पिशवी

हॉस्पिटल ते घर तीन तासांचं असेल तर सहा तासांचा ऑक्सिजन गाडीत हवा. घाट, टायर, ट्रॅफिक. सिलेंडर आडवा पायात लोळत ठेवायचा नाही, पट्ट्यानं बांधायचा. काच थोडी खाली, आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, विडी-सिगारेट नाही. घरातला कॉन्सन्ट्रेटर तुम्ही पोचायच्या आधी कोणीतरी सुरू करून ठेवलेला हवा.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा. टप्पा एकमधल्या कागदाची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्ड, जादा नळी, कॅथेटर, फीडची नळी, सिरिंज, ऑक्सिमीटरची बॅटरी, दोन लंगोट, फोनचा चार्जर. १०८ वर बोलणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगायचं ते पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मुलाचं वय, आजाराचं नाव, घरी ऑक्सिजन किती लिटरवर आहे, पत्ता, आणि घराजवळची ओळखीची खूण. आम्ही पत्त्याखाली लिहिलं होतं, “पिठाच्या गिरणीसमोर, निळं दार, गल्लीत गाडी वळत नाही, स्ट्रेचर आणा.”